“परत मलेरिया झाला” म्हणजे नेमकं काय झालं?

गोव्यातल्या साखळी गावचा ओळखीतला एक मुलगा पब्लिक हेल्थमध्ये पीएचडी करतोय, पुढच्या वर्षीपासून गडचिरोलीत भामरागडच्या बाजूला दोन वर्षं फील्डवर्क आहे त्याचं. परवा त्याने विचारलं, मावशी, तिकडे एकाच माणसाला परत परत मलेरिया होतो, गाईड म्हणतायत की प्रत्येकाचा पहिला एपिसोड धर आणि बाकीचे सोडून दे, हिशेब सोपा होतो. असं चालतं का? आणि चालत नसेल तर परत आलेला मलेरिया नवा की जुनाच उफाळलेला हे ओळखायचं कसं? फोनवर सांगायला बसले तर तास जाईल आणि निम्मं राहून जाईल, म्हणून लिहूनच काढते. आणखी कुणाला उपयोग झाला तर चांगलंच.

आधी सरळ उत्तर देते. चालत नाही. समजा दोन गावं आहेत, दोन्हीकडे शंभर-शंभर माणसं. एका गावात तीस जणांना एकेकदा मलेरिया झाला, दुसऱ्या गावात दहाच जणांना पण प्रत्येकाला तीन-तीनदा. फक्त पहिला एपिसोड मोजलास तर एकीकडे तीस आणि दुसरीकडे दहा, म्हणजे दुसरं गाव तिपटीने बरं! प्रत्यक्षात तापाचे दिवस, बुडालेला रोज, खर्ची पडलेल्या गोळ्या, सगळं दोन्हीकडे सारखंच. आणि दुसऱ्या गावात तर मुद्दाम जाऊन बघायला पाहिजे की हीच दहा माणसं का, त्यांची घरं ओढ्याकाठी आहेत का, ती रात्री शेतावर झोपतात का, की गोळ्याच पूर्ण घेतलेल्या नाहीत. पहिल्यावर थांबलास तर नेमकं हेच हातातून जातं.

पहिल्यावर थांबण्यात दुसरीही एक गोम आहे, ती पटकन लक्षात येत नाही. मच्छरदाणीचा किंवा लशीचा उपयोग बघणारा अभ्यास असेल तर ज्यांना डास जास्त चावतात ती माणसं सुरुवातीलाच “पहिला एपिसोड झाला” म्हणून मोजणीतून बाहेर पडतात, आणि मच्छरदाणी नसलेल्या गटात ती जास्त वेगाने बाहेर पडतात, मग त्या गटात मागे राहतात ते मुळातच कमी धोक्याचे लोक. वर्षाच्या शेवटी दोन गटांतला फरक कमी झालेला दिसतो आणि सगळे म्हणतात मच्छरदाणीचा असर उतरला. असर उतरलाही असेल, पण नुसती माणसं गळूनही तसंच दिसतं. म्हणून सगळे एपिसोड मोज, आणि एकाच माणसाचे एपिसोड एकमेकांशी बांधलेले असतात हे धरून चालणारं मॉडेल वापर, निगेटिव्ह बायनॉमियल किंवा अँडरसन-गिल किंवा फ्रेल्टी (म्हणजे माणसागणिक वेगळा धोका) घातलेलं, त्यातलं कुठलं ते तुमच्या स्टॅटिस्टिक्सवाल्याला ठरवू दे पण त्याच्याकडे आत्ताच जा, डेटा गोळा झाल्यावर नको.

आता खरा किचकट भाग. त्याआधी पर्वरीचा एक किस्सा सांगते, दहा-बारा वर्षांपूर्वीचा. गोव्यात मलेरिया म्हटलं की कन्स्ट्रक्शन साइट हे समीकरण 1986 पासूनचं, पणजीत बांधकामं वाढली आणि साथ आली तेव्हापासून. आपल्याकडचा डास अ‍ॅनॉफिलीस स्टेफेन्साय, त्याला टाकीतलं, विहिरीतलं, स्लॅबवर क्युरिंगला साठवलेलं स्वच्छ पाणी आवडतं. (हाच डास 2012 मध्ये आफ्रिकेत जिबूतीत सापडला आणि तेव्हापासून तिकडच्या शहरांची झोप उडालीय.) तर पर्वरीच्या एका साइटवर झारखंडचा एक पोरगा होता, एकोणीस वर्षांचा, सेंट्रिंगचं काम करायचा. त्याला जूनमध्ये व्हायव्हॅक्स प्रकारचा मलेरिया, ऑगस्टमध्ये परत, नोव्हेंबरमध्ये परत. रजिस्टरमध्ये तिन्ही वेळा नवी केस. तिन्ही वेळा साइटवर टाक्या तपासल्या, फवारणी केली, ठेकेदाराला नोटीस दिली. तिसऱ्या खेपेला मी स्वतः गेले आणि त्याला म्हटलं, गोळ्या दाखव बाबा. पत्र्याच्या ट्रंकेत आधार कार्डाच्या बाजूला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून नीट ठेवल्या होत्या! प्रायमाक्विनच्या साडेसात मिलिग्रॅमच्या 28 गोळ्या, रोज दोन, चौदा दिवस. त्यातल्या वीस तशाच. म्हणजे चार दिवस घेतल्या आणि सोडल्या. का, तर रिकाम्या पोटी घेतल्या की पोटात आग व्हायची, आणि तापही उतरला होता. ऑगस्टची पिशवी तर उघडलेलीच नव्हती.

व्हायव्हॅक्सचं असं आहे की काही जंतू यकृतात झोपून राहतात, हिप्नोझॉइट म्हणतात त्यांना, क्लोरोक्विन त्यांना हात लावत नाही, प्रायमाक्विनच लागतं. झोपलेले जागे झाले की डास न चावताच परत ताप, हा रिलॅप्स. आपल्याकडच्या गरम हवेतल्या जातीत हे काही आठवड्यांत होतं, पण क्लोरोक्विन रक्तात महिनाभर रेंगाळतं आणि पहिली उसळी दाबून टाकतं, म्हणून साधारण दोन महिन्यांनी माणूस परत कुडकुडत येतो. जून-ऑगस्ट अगदी बसतं बघ. आता गंमत अशी की त्याच साइटवरच्या टाकीत अळ्याही सापडल्या होत्या आणि पोरगा त्या टाकीशेजारीच झोपायचा. मग तो रिलॅप्स की नवा डास? मी पैज लावली असती तर रिलॅप्सवर लावली असती, पण शपथ घेऊन सांगू शकले नसते, आजही नाही सांगू शकत.

म्हणजे “परत झाला” यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक, औषधाने जंतू पूर्ण मेलेच नाहीत आणि थोडे उरलेले परत वाढले, याला रिक्रुडेसन्स म्हणतात, फाल्सिपॅरममध्ये, म्हणजे मलेरियाच्या दुसऱ्या मोठ्या प्रकारात, औषध कमी पडतंय का ते यावरूनच कळतं. दोन, रिलॅप्स, तो व्हायव्हॅक्सचा, ओव्हेल नावाच्या प्रकारातही असतो पण आपल्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. तीन, खरंच नवा डास चावला. आणि चौथी एक गोष्ट आहे जी पुस्तकात या यादीत नसते पण फील्डवर सगळ्यात जास्त तीच भेटते, ती म्हणजे काहीच परत झालेलं नाही. फाल्सिपॅरमची आरडीटी, म्हणजे बोटाच्या रक्तावर झटपट निकाल देणारं किट, जे प्रोटीन पकडते ते एचआरपी-2, जंतू मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं, त्यामुळे बरा झालेला माणूस व्हायरलच्या तापाने आला की किटवर दुसरी रेघ उमटते आणि आपण लिहून टाकतो परत मलेरिया. म्हणून वारंवारच्या अभ्यासात नुसत्या आरडीटीवर राहू नकोस. किटवर पॉझिटिव्ह आला की औषध द्यायचं ते दे, पण अभ्यासात मोजायला मायक्रोस्कोपखाली वाचलेली रक्ताची स्लाइड हवी, आणि जमेल तिथे फिल्टर पेपरवर रक्ताचा ठिपका.

स्लाइड म्हणजे दोन वाचकांनी वेगवेगळी वाचलेली, एकमेकांचा निकाल न बघता. जाड थेंबात 200 पांढऱ्या पेशी मोजून होईपर्यंत किती जंतू दिसले ते लिहायचं, मायक्रोलिटरमागे 8000 पांढऱ्या पेशी धरून जंतूंचा हिशेब काढायचा, निगेटिव्ह म्हणायच्या आधी निदान शंभर फील्ड बघायची. मी पणजीत स्लाइड वाचायला लागले तेव्हा दिवसाला साठ-सत्तर समोर यायच्या, आणि दुपारी जेवण झाल्यावर वाचलेल्या निगेटिव्हांवर माझा स्वतःचाच विश्वास नसायचा. तुमच्या लॅबवाल्याला दिवसाला तीसच्या वर देऊ नकोस, हा माझा आकडा, नियम नाही.

मग पीसीआर करून जीन बघितले की सगळं सुटेल असं तुझ्या गाईडना वाटत असेल. फाल्सिपॅरममध्ये बरंचसं सुटतं. पहिल्या दिवसाचं रक्त आणि परत ताप आला त्या दिवसाचं रक्त घ्यायचं, एमएसपी-1, एमएसपी-2, ग्लर्प हे पूर्वीचे मार्कर, म्हणजे जंतूची जात ओळखायच्या जीनमधल्या खुणा, आता ग्लर्पऐवजी मायक्रोसॅटेलाइट किंवा सरळ अ‍ॅम्प्लिकॉन सिक्वेन्सिंग, जुळले तर जुना, नाही जुळले तर नवा. पण जिथे मलेरिया खूप आहे तिथे एकाच माणसात फाल्सिपॅरमच्याच तीन-चार-पाच जातींचे जंतू एकदम असतात, त्यातला एखादा योगायोगानेही जुळतो आणि एखादा इतका थोडा असतो की पीसीआरला पहिल्या दिवशी दिसतच नाही, मग नंतर दिसला की आपल्याला नवा वाटतो. शिवाय फाल्सिपॅरमचे मोठे झालेले जंतू 48 तासांच्या चक्रातला निम्मा वेळ खोल रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात, बोटाच्या रक्तात येतच नाहीत, म्हणजे सोमवारी दिसलेला मंगळवारी गायब आणि बुधवारी परत हजर. म्हणून आधीच लिहून ठेव की एखादी जात लागोपाठ किती भेटींत दिसली नाही म्हणजे ती गेली असं धरायचं आणि त्यानंतर दिसली तरच नवी म्हणायची. दोन म्हण, तीन म्हण, पण प्रोटोकॉलमध्ये घाल, निकाल बघून ठरवायचं नाही.

व्हायव्हॅक्समध्ये मात्र हे गणितच कोसळतं. यकृतात झोपलेले जंतू वेगवेगळ्या वेळी चावलेल्या वेगवेगळ्या डासांचे असू शकतात, त्यामुळे रिलॅप्समध्ये उठलेला जंतू आधीच्या तापातल्या जंतूसारखा असेलच असं नाही. जुळला नाही म्हणून नवा डास, हे व्हायव्हॅक्सला लागू होत नाही, आणि हीच चूक मी थिसिसांमध्ये सगळ्यात जास्त बघितलीय. थाई-म्यानमार सीमेवरच्या लोकांनी यावर चांगला मार्ग काढला, हो-नाही असं म्हणायचंच नाही, दोन जंतू नात्याने किती जवळचे आणि मधे किती दिवस गेले हे दोन्ही घालून प्रत्येक वेळी शक्यता काढायची, या तापाची रिलॅप्स असण्याची शक्यता इतकी, नव्याची इतकी. एकेका माणसाचं नाही सांगता आलं तरी गावाचं सांगता येतं, आणि आपल्याला गावाचंच हवंय.

गावाचं किती चांगलं सांगता येतं ते पापुआ न्यू गिनीच्या अभ्यासात दिसतं. पाच ते दहा वर्षांची मुलं, सगळ्यांना रक्तातले जंतू मारायचं औषध दिलं, मग अर्ध्यांना प्रायमाक्विन आणि अर्ध्यांना प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. त्यानंतर कुणाला किती वेळा होतो ते बघितलं, आणि हिशेब निघाला की व्हायव्हॅक्सच्या पाचातल्या साधारण चार इन्फेक्शन रिलॅप्सच्या होत्या. एकेका मुलाची कुंडली न मांडता डिझाइननेच उत्तर काढलं, मला हा अभ्यास फार आवडतो. तुला प्लासिबो देता येणार नाही, आपल्या राष्ट्रीय धोरणातच चौदा दिवसांचं प्रायमाक्विन आहे आणि ते मिळायलाच पाहिजे. पण एक करू शकतोस, काही पाड्यांवर गोळ्या रोज समोर उभं राहून खायला घालायच्या आणि बाकीच्यांत नेहमीसारख्या हातात द्यायच्या, कुठला पाडा कुठल्या गटात ते चिठ्ठ्या टाकून. दोन्हींतला फरक म्हणजे ट्रंकेत राहिलेल्या गोळ्यांची किंमत. पूर्वी आपल्याकडे प्रायमाक्विनचा कोर्स पाचच दिवसांचा असायचा, रिलॅप्स थांबवायला तो पुरत नव्हता हे नंतर कळलं, तेव्हा अर्धवट कोर्स म्हणजे काही न घेतल्यासारखंच धर. आणि काही लोकांत चौदा दिवस पूर्ण घेऊनही रिलॅप्स येतो, कारण सीवायपी-2डी6 हे एन्झाइम मंद असेल तर शरीरात प्रायमाक्विनचं काम करणारं रूपच नीट तयार होत नाही. रोज समोर घेतलेला माणूस परत आला तर लगेच गोळ्या फेकल्या म्हणून त्याच्यावर ओरडू नका.

जी-सिक्स-पीडी हे रक्तपेशींना सांभाळणारं एन्झाइम कमी आहे का याची टेस्ट आधी, हे तुला सांगायला नको पण तरी सांगते. आदिवासी भागांत हा दोष असलेले लोक बऱ्यापैकी सापडतात, त्यांच्यात प्रायमाक्विनने रक्तपेशी फुटतात. कामावर घेतलेल्या प्रत्येक मुलाला शिकव, गोळ्या चालू असताना लघवी काळ्या चहासारखी झाली का हे रोज विचारायचं आणि हो म्हटलं की गोळ्या बंद आणि गाडी दवाखान्याकडे. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला प्रायमाक्विन नाहीच.

मोजणीकडे परत येते, कारण थिसिस तिथेच अडकतो. औषध दिल्यावर काही दिवस माणसाला मलेरिया होऊच शकत नाही, औषध रक्तात असतं ना. ते दिवस भागाकाराच्या छेदातून वगळायचे. समजा एक मूल 365 दिवस तुझ्या नजरेखाली होतं, तीनदा मलेरिया झाला आणि प्रत्येक वेळी 28 दिवस वगळले, तर धोक्याचे दिवस उरले 281 आणि दर येतो वर्षाला जवळजवळ 3.9. न वगळता आला असता 3. फरक एवढाच असता तर चाललं असतं, पण एका गटात लवकर उतरणारं औषध आणि दुसऱ्यात लांब टिकणारं असेल तर सगळी तुलनाच वाकडी होते. किती दिवस वगळायचे ते औषधावर, सरसकट 28 नको.

दुसरं, ताप आणि जंतू दोन्ही एकदम असले म्हणजे ताप मलेरियाचाच असं नाही. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने 1900 मध्ये न्यू गिनीत लहान मुलांचं आणि मोठ्यांचं रक्त तपासून बघितलं की जंतू मुलांत भरपूर आणि मोठ्यांत थोडे, वारंवार होऊन होऊन शरीर जंतूंना सांभाळून घ्यायला शिकतं. आफ्रिकेतल्या दाट मलेरियाच्या गावांत तर ठणठणीत माणसाच्या रक्तातही जंतू असतात, म्हणून तिकडे मायक्रोलिटरमागे अमुक जंतूंच्या वर असेल तरच मलेरियाचा ताप म्हणतात, आरटीएस-एस या मलेरियाच्या लशीच्या मोठ्या चाचणीत 5000 ची रेघ होती. ती रेघ उचलून भामरागडला लावू नकोस! तिथे इतका मलेरिया नाही, लोक थोड्या जंतूंनीही आजारी पडतात, तुझ्या अर्ध्या केसेस पुसल्या जातील. तुझ्या गावांत ताप नसलेल्यांचंही रक्त तपास आणि रेघ त्यावरून ठरव, किंवा रेघच नको.

किती वेळा भेट द्यायची? सेनेगलमध्ये दिएलमो गावात 1990 पासून रोज घरोघरी जाऊन विचारायचे ताप आहे का, तेवढं कुणाला परवडत नाही. नायजेरियातला गार्की प्रकल्प, 1969 ते 1976, त्यांनी फवारणी केली, सगळ्या गावाला गोळ्या दिल्या, मलेरिया खूप खाली आला पण तुटला नाही, आणि थांबल्यावर परत वर. तो इतक्या बारकाईने मोजला म्हणून अजून लोक त्या आकड्यांवर मॉडेलं बनवतात. तुझ्यासाठी मी म्हणेन आठवड्याला एक चक्कर फक्त तापाची विचारपूस करायला, महिन्याला एकदा सगळ्यांचा फिल्टर पेपर, आणि मधे कधीही ताप आला तर गावातच कुणाकडे तरी रक्त देता आलं पाहिजे. दर आठवड्याला सगळ्यांचं बोट टोचलंस तर तिसऱ्या महिन्यात दारं बंद होतील, रक्त विकतात ही अफवा गोव्यात साइटवर पसरली होती तर तिकडे काय.

आणि माणूस तोच आहे का हे बघ. हसू नकोस. गोव्यात हेल्थ कार्ड भावाचं, ताप याचा, असं कितीदा निघालं, शिवाय एकच माणूस एका साइटवर राजू, दुसरीवर राजेश, तिसरीवर मुकादमाने आपल्या मनाने लिहिलेलं काहीतरी. परत झालेला मलेरिया नव्या माणसाचा पहिला म्हणून मोजला जायचा. भामरागडला माडिया नावं, एका पाड्यावर एका नावाचे चार, आडनावही तेच. फोटो, घराचा नंबर, आईचं नाव, तिन्ही घे. मे महिन्यात तेंदूपत्त्याला सगळे जंगलात असतात आणि नंतर शेतावरच्या झोपडीत, तेव्हा घर बंद दिसलं म्हणून “गळाला” लिहू नकोस, ज्या दिवसांत तो खरा चावून घेतोय तेच दिवस तुझ्या वहीत कोरे राहतील. कुठे झोपला होता हे दर आठवड्याला विचार, बाकीचे सगळे प्रश्न गाळलेस तरी चालेल पण हा विचारलाच पाहिजे. आणि गोळ्यांच्या पट्ट्या बघायला माग. “घेतल्या का” विचारलं की सगळे हो म्हणतात.

शेवटचं, फिल्टर पेपर. आपल्याकडच्या पावसात ठिपका रात्रभर ठेवूनही सुकत नाही आणि सुकायला उघडा ठेवला तर मुंग्या आणि झुरळं ठिपकाच कुरतडतात, म्हापशाच्या खोलीत एका रात्रीत माझे अकरा नमुने गोल भोकं होऊन मिळाले होते. जाळीच्या पेटीत सुकव, प्रत्येक कागद वेगळ्या झिपलॉकमध्ये, नंबर पेन्सिलीने, पेनाची शाई पसरते. सिलिका जेल रंग बदलणारं घे, निळ्याचं गुलाबी होतं ते. पांढरं स्वस्त मिळतं, पण ते कधी ओलं झालं ते कळतच नाही.